भिंतीवरचं लाभाचं बोट

नाही मॅडम, हे मी सांगायचं नव्हतं. मायनं जाताना बजावलं होतं — "मॅडमले पानी दे, खाटेवर बसव, अन तोंड बंद ठेव." पाणी दिलं, खाटेवर बसवलं, तिसरं काही जमलं नाही. तुम्ही टॅबलेट हातात घेतला आणि म्हणालात, बाकी गावांच्या टॅबलेटवर असा पडदा येत नाही, तुमचाच कसा वेगळा. मी खोटं बोलूच शकत नाही असं नाही, बोलते कधीकधी, पण मला आधी ते लिहून काढावं लागतं, आणि तुम्ही तर एकदम विचारलंत. म्हणून तोंडातून निघून गेलं की तो मी बदलला. पडदा नव्हे — ज्यावर टॅबलेट चालतो ती आतली सगळी प्रणालीच. जुनी काढून नवी टाकली. मायनं नाही हं. मायला तर तो चालू करायचं बटनही दोनदा दाखवावं लागतं — म्हणजे तसं नाही, येतं तिला, येतं सगळं. तुम्ही ते लिहून घेऊ नका.

माय आत्ता येईल. हबीब चाचांच्या वावरात गेली आहे, तीन नंबरचा सापळा तिथंच आहे, हे काय, गोठ्यामागं. आजचे पतंग तुम्हाला ताजे दाखवायचे म्हणून गेली. तेवढ्यात सांगते, पण नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही आकडे रचले. रचले नाहीत मॅडम. चुकले. रचणं वेगळं अन चुकणं वेगळं — की तुमच्या ऑफिसात दोन्ही एकच असतं?

हा टॅबलेट तुमच्याच कृषी खात्याच्या लोकांनी दिला मायला. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांची पराटी, म्हणजे कपाशी, गुलाबी अळीनं खाल्ली, त्याच्या पुढच्या साली. गावात पाच सापळे लावायचे, रोज सकाळी त्यात त्या अळीचे किती पतंग अडकले ते मोजायचं, आणि टॅबलेटमध्ये भरायचं. एका सापळ्यात आठ पतंग, असे लागोपाठ तीन दिवस आले की गाव यादीत येणार, मग साहेब लोक वावरात येऊन नुकसानीची पाहणी करणार. सुरुवातीला लोक हसले. पारावरून म्हणायचे, "कोकिळाबाई पतंग मोजते, उद्या हिले ढग मोजायले लावतीन." ती निघायचीच. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पाचही वावरं रोज. आता मॅडम, हबीब चाचा फवारा मारायच्या आधी आमच्या दारात येतात. बांधावरच्या कुणालाही न विचारता आमच्या दारात. "कोकिळाबाई, आज किती?" माय सांगते, "चार. थांबा." चाचा थांबतात. एवढी गोष्ट. तुम्हाला छोटी वाटेल. मी दारामागून ऐकत असते, मला छोटी वाटत नाही.

हो हो, टॅबलेट. सांगते. गणपती बसले त्या आठवड्यात अ‍ॅप उघडायचं बंद झालं — म्हणजे आकडे भरता यायचे, पण पुढे जायचे नाहीत. आमच्याकडं नेटची रेंज नाही, आठवड्यातून एकदा माय रोहिणखेडला जाते, जुन्या मशिदीच्या भिंतीपाशी उभी राहते, तिथं चार रेषा येतात. ती तिथं उभी राहिली, हात वर केला, आणि टॅबलेटवर इंग्रजीत आलं की हे अ‍ॅप आता या जुन्या प्रणालीवर चालणार नाही, नवी टाका. नवी टाका म्हटलं तर मी सेटिंगमध्ये गेले, तिथं लिहिलेलं, तुमच्यासाठी हीच शेवटची. एक म्हणतो नवी टाक, दुसरा म्हणतो नवी नाहीच. आम्ही फोन केला ना. तुमच्या त्या नंबरवर. एक सर म्हणाले, वरून येईल. कोजागिरी आली, वरून काही आलं नाही. आकडे टॅबलेटमध्येच साचत राहिले — एकेचाळीस दिवस, पाच सापळे. दोनशे पाच आकडे. मी गुणाकार करून पाहिला होता. मग तो निरोप आला की महिनाअखेर ज्या गावाचे आकडे येणार नाहीत, त्या गावात पतंग शून्य धरले जातील. शून्य म्हणजे अळी नाही. अळी नाही म्हणजे पाहणी नाही. मायनं मला तो निरोप तीनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "म्या रोज मोजले. शून्य कसे?"

तर मी ठरवलं, मीच टाकते. शाळेत कॉम्प्युटर आहेत, तिथं मधल्या सुट्टीत व्हिडिओ पाहिला. हिंदीत होता. त्या माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसते हात, करंगळीत अंगठी. जुन्या टॅबलेटवर नवी प्रणाली कशी टाकायची. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, पायरी एक, पायरी दोन — माझं अक्षर चांगलं आहे, बाई नेहमी माझीच वही फिरवतात. फाइल उतरवायला तीन सुट्ट्या लागल्या, ती अन अ‍ॅपची फाइल मेमरी कार्डात घेतली. पाचव्या पायरीवर तो हातवाला म्हणतो, जे जपायचं ते आधी कार्डात काढून घ्या, कारण आता आतलं सगळं पुसलं जाईल. मी काढून घेतलं मॅडम. खरंच घेतलं. मायचा फोटो, म्हशीचा फोटो, पतंगांचे फोटो, सगळे कार्डात गेले, मी एकेक उघडून पाहिले. मला वाटलं, फोटो गेले म्हणजे आकडेही गेले असतील. घर सोडताना सगळं गाडीत भरलं की धान्यही भरलंच असं आपण धरतो ना, तसं धरलं. पण आकडे त्या अ‍ॅपच्या पोटात होते. ते हलले नव्हते.

मग आवाजाचं आणि चालू करायचं बटन एकत्र दाबून धरलं. काळा पडदा, त्यावर बारीक अक्षरं. पुसायचं का? हो. नक्की का? हो. रविवार होता, माय कापूस वेचायला गेली होती, मी इथंच, या खाटेवर बसले होते. टॅबलेट तव्यासारखा तापला. एक पट्टी भरत गेली, भरत गेली, आणि मॅडम, चालू झाला. काय सुंदर दिसत होता. नवी चित्रं, नवी अक्षरं. अ‍ॅप टाकलं, कार्डातूनच, तेही चाललं. मी एकटीच हसले. मग नोंदी उघडल्या. या प्रणालीत, या अ‍ॅपमध्ये, आमच्या गावाच्या नावापुढं — शून्य. एकेचाळीस दिवसांचं शून्य. मी बंद करून चालू केलं. पुन्हा केलं. कार्ड काढून फुंकर मारली. शेवटी नुसती बसून राहिले, तो तापलेला टॅबलेट मांडीवर घेऊन.

नाही, मायला नाही सांगितलं. कसं सांगू? तुम्ही सांगितलं असतंत?

मग मला भिंत आठवली. या, इथूनच दिसते — गोठ्याची ती आतली भिंत. ते पांढरे ठिपके दिसतात ना? चुन्याची बोटं आहेत ती, मायची. पाच ओळी, पाच सापळ्यांच्या. रोज सकाळी वावरांतून आली की हात धुवायच्या आधी चुन्यात बोट बुडवते आणि जितके पतंग तितकी बोटं उठवते, दर दिवसाचा झुबका वेगळा. संध्याकाळी म्हशीजवळ उभी राहून मला सांगते — एकात तीन, दोनात पाच — आणि मी टॅबलेटमध्ये टाकते. ती भिंतीकडं पाहून सांगायची, मी टॅबलेटकडं पाहून लिहायची. भिंतीकडं मी कधी पाहिलंच नाही.

कागदावर का नाही लिहिलं? कारण तिला — चुना हाताशी असतो म्हणून. तंबाखूचा.

बरं. लिहिता येत नाही तिला. झालं, बोलून गेले. तुमच्या फॉर्मवर दहावी आहे, ते मी लिहिलं. मी तेव्हा सातवीत होते, निळ्या पेनानं लिहिलं, तुमच्याकडं असेल तो कागद, पाहा, अक्षर माझंच आहे. सही तेवढी तिची, ती मी शिकवली, को-कि-ळा, चुलीपुढच्या राखेत. पण मॅडम, पतंग ओळखायला दहावी कशाला लागते? सापळ्यात दहा तऱ्हेचे किडे अडकतात, ती बोटाच्या टोकानं बाजूला सारते, हा नाही, हा नाही, हा आहे. तुमचेच एक साहेब आले होते मागच्या साली, ते भिंग लावून पाहत होते, आणि मायनं लांबूनच सांगितलं, "तो नाई साहेब, तो दुसऱ्या अळीचा." बरोबर निघालं. साहेब हसले होते. विचारा त्यांना.

तर मी भिंतीवरून उतरवलं. माय वेचणीला गेली की गोठ्यात जायचं, आणि बोटं मोजून टॅबलेटमध्ये भरायची. तीन दिवस लागले. एकही आकडा मनाचा टाकला नाही. एक ठिपका म्हशीनं घासून पुसट केला होता, तिथं मी अर्धा तास उभी होते. मग माझ्याच हातानं रोहिणखेडला नेऊन पाठवले. गेले. हिरवी खूण आली. त्या दिवशी मी पोटभर जेवले. आणि काल तुमचा निरोप आला, की तीन नंबरच्या सापळ्यात आठ, आठ, नऊ आलेत, गाव यादीत येतंय, मॅडम स्वतः येणार. मी मायला वाचून दाखवलं, आनंदानं. तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "आठ कवा झाले वो? सात, सात, आठ होते." मी म्हटलं, भिंतीवर आठ आहेत. ती मला धरून गोठ्यात घेऊन गेली. "पयलं बोट लाभाचं असते बाई. ते मोजत नाईत."

लाभ माहीत आहे ना तुम्हाला? तुमच्याकडं, शहरात, नसेल. खळ्यात धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. हबीब चाचा बरकत म्हणतात, तेच. पण तिथं लाभ म्हणजेच एक, ते माप मोजण्यात धरतात. मायनं इथं आपलं वेगळंच केलं. म्हणाली, अळीच्या पतंगाला कोणी लाभ म्हणते का? मग काय केलं, तर मोजायच्या आधी एक बोट नुसतं लाभाचं उठवायचं, जागा रिकामी राहू नये, वावराला बरकत राहावी म्हणून, आणि मग पुढं पतंग. रोज. पाचही ओळींत. पतंग एकही नसला तरी एक बोट असायचंच. आणि मी — मी भिंतीवर एकही रिकामी जागा पाहिली नाही, तरी मला प्रश्न पडला नाही. एकेचाळीस दिवसांत एकदाही कुठं शून्य नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गणितात मला नव्वद आहेत मॅडम.

म्हणजे दोनशे पाचच्या दोनशे पाच आकड्यांत एकेक जास्त. आणि त्याच एकानं गाव यादीत आलं.

सकाळी माय म्हणाली, "आता बोलायचं नाई. बोंडात अळी हायेच ना, खोटं काय त्यात? तुयं नाव मधात येऊ देत नाई मी." ती माझ्यासाठी गप्प आहे. टॅबलेट सरकारी, तो मी उघडला, म्हणून. पण मी विचार केला, की तुम्ही आज सापळ्यात मोजाल, उद्या मोजाल, मग भिंत पाहाल, आणि म्हणाल, या बाईनं आकडे फुगवले. गावाला तेच ऐकू येईल. परवा हबीब चाचा दारात येऊन विचारणार नाहीत, आज किती.

तुम्ही एवढा वेळ पेन नुसतं हातात धरून बसला आहात. लिहायचं तर हे लिहा — आकडे टाकून देऊ नका, शून्य करू नका, प्रत्येकातून एक वजा करा. बास. तेच मायचे आकडे. मग गाव यादीत बसत नाही, माहीत आहे मला. रडत नाही मी, चुलीचा धूर आहे. पण तुमच्याच कागदावर दुसरी ओळ आहे, मी वाचली आहे, पाठच्या पानावर — दहा बोंडं तोडून एकात जरी जिवंत अळी निघाली तरी पाहणी करावी. पतंग कितीही असोत. मॅडम, उठा ना. आता चला. तुमच्या हातानं दहा बोंडं तोडा, तुम्हाला पाहिजे त्या झाडाची, मी हातही लावणार नाही. बाहेरून हिरवीगार दिसतात. काल मी दहा फोडली, सहांत होती. नखाएवढी, गुलाबी, आत सरकीला तोंड लावून. मग आकड्याची गरजच —

आली वाटतं. हो, तिचाच आवाज.

"पुष्पे, कोनाशी बोलून राह्यली वो इतकं? इकडं ये, पिशवी धर."

आले माय. पाणी मागत होत्या मॅडम. — ऐका, ती वही आहे ना, पायऱ्यांची, ती तुम्ही घेऊन जा, त्यावर नाव माझं आहे, मायचं नाही. भिंत खरी आहे, तिला खोटी म्हणू नका. दहावीचं तुम्हाला ठाऊकच नाही. आणि वर कोणी विचारलंच, की टॅबलेट असा कसा झाला, तर एवढं म्हणाल का, की तो फार जुना होता, आणि एक दिवस आपोआप, कुणी हात न लावता —