समोरचं दुकान

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या मावशींनी मासिक उघडलं होतं खरं, पण कान होते शेजारच्या बाकावरच्या शिंपी नवरा-बायकोकडे.

“समोरच्या शिंप्याचा हात मोडला, म्हणजे त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे यायला हवं होतं.”

“त्याचे सगळे कपडे मीच शिवतोय की.”

“आणि त्याच्या नावाची पट्टी लावून त्याच्याच दुकानात पोचवताय!”

“रविवारी चर्चमध्ये मान कोण डोलवत होतं? देवावर प्रीती करा, शेजाऱ्यावर करा...”

“शेजारी म्हणजे समोरचा शिंपी, असं कुठे म्हणाले पाद्रीसाहेब?”

“अगं, आपल्या शेजारी नुसती भिंत आहे. भिंतीवर किती प्रीती करू?”

“यंदा दुसरं दुकान काढणार होतात ना?”

“निघालं की. दोन्ही मीच चालवतोय.”

“दात काढू नका. अशानं तुम्ही पुढे कधी जाणार?”

“रोज जातो. रस्ता ओलांडून.”

तेवढ्यात डॉक्टरांचं दार उघडलं आणि समोरचा शिंपी गळ्यात हात अडकवून बाहेर आला.

“वहिनी, अजून महिनाभर प्लास्टर म्हणे.”

“असू दे, भाऊजी. पण यांच्यावर विसंबू नका. तुमच्या कपड्यांनाही हे आमच्यासारखीच काजं करतात, गिऱ्हाईक लगेच ओळखेल. काल सगळी उसवून मी तुमच्यासारखी केलीत.”