पावसाळा सोडून

सुकन्या : चहा राहू द्या अण्णा. आधी बसा.

कानिफनाथ : मला कशाला बसवती? तूच बस आधी. आभाळात चक्कर मारून येते म्हनली आन् गेली तशी माघारी. इंजिननं काय तरास दिला का?

सुकन्या : इंजिनला काय धाड भरलीय? तुमच्या हातचं आहे ते. मी धुक्यात शिरले होते.

कानिफनाथ : काय?

सुकन्या : मुळा धरणाच्या अंगाला दाट थर होता. मुद्दाम शिरले.

कानिफनाथ : आगं, काल तपासणीचे साहेब काय बोलून गेले? तुझ्यापुढंच बोलले ना? मशीन पास हाय, पन दिवसा उडवा, जमीन दिसत असताना उडवा. आन् तू दुसऱ्याच दिवशी…

सुकन्या : म्हणूनच शिरले. साहेबांची गाडी वळली तेव्हापासून तुमचा एकच धोशा. ‘त्यांना काय कळतंय, आपल्या गायरोकॉप्टरला समदे मीटर हायेत, ढगात बी जाईल.’ जेवताना तेच, अंथरुणावर तेच. म्हटलं, एकदा बघूनच येऊ. तुमचं खरं निघावं असं मलाही वाटत होतं हो.

कानिफनाथ : मग? त्या आडव्या रेघेच्या मीटरनं दगा दिला?

सुकन्या : नाही ना. तेच तर. मीटर बिचारं बरोबर दाखवत होतं. नाक वर चाललंय, स्पीड पडतोय, सगळं बरोबर. पण बाहेर नुसतं पांढरं, आणि माझं अंग मला सांगतंय, तू सरळ चाललीयेस. कोणाचं ऐकायचं? मग एकदम दचकून, नाक खाली घालायला, दांडा पुढं ढकलला. आणि अण्णा, मी सीटवरून हलकी झाले. जत्रेतला पाळणा वरून खाली येतो ना, तसं. आणि डोक्यावरचा आवाज बसला.

कानिफनाथ : पात्यांचा?

सुकन्या : पात्यांचा.

कानिफनाथ : मग काय केलंस?

सुकन्या : गॅस कमी केला. दांडा हळूच मागं घेतला. पात्यांवर वजन आलं, आवाज चढला. धुक्यातून खाली निघाले तर समोर ऊस. तुरे अगदी पायाखाली.

कानिफनाथ : आन् न्हाई चढला असता मंजी? तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी? इंजिनियर म्हनवती सोताला! पुन्याला शिकवली, पायलट केली, ती ह्यासाठी?

सुकन्या : ओरडा. हवं तेवढं ओरडा. पण मग माझं ऐका. हेलिकॉप्टरची पाती इंजिन फिरवतं. आपली पाती नुसत्या वाऱ्यावर फिरतात.

कानिफनाथ : मला शिकवू नको. मीच बसवलीत ती.

सुकन्या : मग तुम्हाला माहीत आहे, मशीन खाली लटकलेलं आहे तोवर ती फिरणार. वजन काढलं की सुस्तावणार, आणि फार सुस्तावली की परत उचलायची नाहीत. जमीन दिसत असली की आपण नकळत सावरतो. दिसेनाशी झाली की माणूस घाबरून दांडा ढकलतोच. मी ढकलला! मला सगळं पाठ असून ढकलला. शिवाय विमानाचा दांडा क्षणभर सोडता येतो, ह्याचा येत नाही. मीटर बघायचे, वाट बघायची, रेडिओवर बोलायचं, सगळं एक हात अडकवून.

कानिफनाथ : मोठ्या हेलिकॉप्टरला सोताहून सावरायचं यंत्र असतंय, तसलं बसवू.

सुकन्या : एवढ्याशा मशीनला ते पेलायचं नाही. आणि पेललं तरी पाती हीच. साहेब आपल्याला अडवायला नव्हते बोलले अण्णा. असल्या हलक्या मशीनला ढगात सोडत नाहीत, ते ह्यासाठी. मला काल त्यांचा राग आला होता. आज गेला.

कानिफनाथ : मग मी काय केलं गं एवढी वर्सं?

सुकन्या : मशीन केलंत. पास होणारं मशीन केलंत.

कानिफनाथ : ते चुलीत घाल. उन्हात उडायला व्हय केलं मी? तुला समदं सांगितलंच न्हाई मी कधी. उंबरदऱ्याला भातगिरणीची मोटर दुरुस्त कराया गेल्तो. अकोले तालुक्यातला डोंगर, भर आखाड. घाटात दरड पडलेली, वर धुकं आसं की हात दिसंना. आसारामची सून बाळंतपनाला अडली, दिपाली. ॲम्ब्युलन्स खाली येऊन थांबली, तिला तरी कुठं वाट दिसती? मग डोली केली. मागचा दांडा माझ्या खांद्यावर. पोरगी मला इचारीत हुती, ‘मामा, कितीक ऱ्हायलं?’ मी म्हनायचो, आलंच, आलंच. परत इचारायची, परत मी तेच. मग इचारायची थांबली.

सुकन्या : अण्णा…

कानिफनाथ : तिथंच धोंड्यावर बसून मी आसारामला म्हनलो, पुढच्या येळंला नर्सबाईला घिऊन मी वरनं ईन. त्या शब्दावर अख्ख्या वाडीनं माळ सपाट केला गं, मशीन उतरायला. आन् काल गावानं पेढे वाटले, माझ्या गळ्यात हार घातला. मी बी येड्यावानी घालून घेतला!

सुकन्या : त्यांना सांगावं लागेल.

कानिफनाथ : सांगू की. पन आज नको. तुझ्या भावाला, करण्याला, दम कुठं हाय, त्यानं कालच फोन केला, मशीन पास झालं म्हनून. आसाराम पहिल्या गाडीनं निघालाय. नारळ घिऊन येनाऱ्या मानसाला दारातच कसं सांगू? चार दिवस जाऊ दे.

सुकन्या : चार दिवसांनी काय बदलणार आहे?

कानिफनाथ : काय न्हाई. पन चार दिवस तरी जाऊ दे.

(उसाच्या बांधावरून आसाराम येतो. खांद्यावर पिशवी.)

आसाराम : राम राम मिस्त्री! लांबूनच दिसलं मशीन. म्या म्हनलं, केवढं आसंल, तं हे चिमनीयेवढं! आन् ही तुपली लेक ना? हीच उडवती? शाबास गं बाई.

सुकन्या : या काका. बसा. पाणी देते.

आसाराम : पानी मागून. आधी हा काळभाताचा तांदूळ घ्या, मपल्या वावरातला. आन् हा नारळ. मिस्त्री, तुमीच वाढवा, मशीनम्होरं. माळ तयार हाय बघा. धोंडे समदे काढले. बायांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या, म्हाताऱ्या बी ऱ्हायल्या न्हाईत. आता कडंनी चुन्याची फक्की मारायची तेवढी ऱ्हायली. कोनत्या अंगानं उतरनार, तेवढं सांगा.

कानिफनाथ : सांगतो. बसा तरी. घरी समदी बरी ना?

आसाराम : बरी. धाकल्या सुनंला दिवस गेल्यात. सरावनात भरतीन. खरं सांगू का, आयकलं तव्हा मपल्याला दिपालीच आठवली. परत तेच पावसाचे दिस! मंग काल तुमच्या करणचा फोन आला. बायकूला म्हनलं, आता घोर करू नको, मिस्त्रीचं मशीन पास झालं.

सुकन्या : अण्णा, तुम्ही सांगताय की मी सांगू?

कानिफनाथ : मी सांगतो. आसारामभाऊ, मशीन पास झालं हे खरं हाय. पन आभाळ मोकळं आसंल तरच उडायचं. ढगात न्हाई. धुक्यात न्हाई.

आसाराम : मंजी कव्हा?

कानिफनाथ : पावसाळा सोडून.

आसाराम : पावसाळा सोडून तं आमाला यष्टी हाय, मिस्त्री.

कानिफनाथ : व्हय.

आसाराम : रस्ता आसतो. जीपगाड्या आसत्यात. ॲम्ब्युलन्स पार वाडीत येती. आमचं आडतं ते त्याच चार महिन्यांत.

कानिफनाथ : मला ठावं हाय भाऊ.

आसाराम : मंग हे समदे मीटर कशापायी लावले? मागल्या साली तुमीच दाखवले मला. हे बघून ढगात बी कळतं म्हनले.

सुकन्या : कळतं काका. नुसतं कळतं, सावरता येत नाही. मी आज सकाळी धुक्यात गेले होते. मरता मरता आले.

आसाराम : आरं देवा. एकलीच?

सुकन्या : एकटीच.

कानिफनाथ : मीटर बसवले की झालं, आसं धरून चाललो मी. सांगनारे पयल्यापासून सांगत हुते, मलाच आयकायचं न्हवतं. डोक्यात एकच, ती डोली. पन भाऊ, तुमी घोर करू नका. सरावनात फोन करा. परवानगी गेली खड्ड्यात. पोरीला न्हाई पाठवायचो, मी सोता ईन. एकटा.

सुकन्या : अण्णा!

कानिफनाथ : तू मधी पडू नको. माझं वय झालंय, माझं काय व्हायचं ते हू दे.

आसाराम : आन् तुमी दरीत पडले, मंजी? ती डोली बी आमालाच उचलाया लागंल ना? वाईट वाटू देऊ नका. पन आसं बोलू नका परत. बाया कामाला लागल्या तव्हा म्या इचारलं नव्हतं, ढगात येईन का म्हनून. मला वाटलं, मिस्त्री म्हनतो मंजी येईनच. इचाराया पाह्यजे हुतं.

कानिफनाथ : तुमी कशाला इचारायचं? मी सांगायचं हुतं.

सुकन्या : काका, सूनबाईंना पाऊस लागायच्या आधीच खाली आणा. आमच्या घरी राहू देत. दवाखाना जवळ आहे, आई आहे. बाळ घेऊनच परत जातील.

कानिफनाथ : व्हय, तेवढं करा भाऊ. जेठ लागला की आना. माझी लेक समजून ठेवतो.

आसाराम : आनीन. तिला आनीन. तुमच्याकडं लाजायचं काय? पन वाडीत तिच्यासारख्या आनखी हायेत. कुनाचा म्हातारा हाय, कुनाला पान लागतं, साप डसतो. समद्यांना चार महिने कुठं नेऊन ठिवू?

कानिफनाथ : समद्यांना न्हाई ठेवता येनार भाऊ.

आसाराम : हां. …ऱ्हाऊ द्या. धोंडे निघाले, एवढं झालं. यंदा माळावर वरई बरी व्हईन.

सुकन्या : जेवून जा काका.

आसाराम : दुपारची गाडी चुकंल. चहा दे घोटभर. घरी जाऊन आता बायकूला काय सांगू, त्याचाच इचार पडलाय.

कानिफनाथ : तुमी सांगू नका. मी येतो वाडीत. बाया, म्हातारे, समद्यांना बसवून माझ्या तोंडानं सांगतो. शिव्या घातल्या तर खाईन. तुमच्या एकट्याच्या गळ्यात नको.

आसाराम : या की. शिव्या न्हाई घालनार कुनी.

सुकन्या : आठवडाभर आभाळ मोकळंच आहे. मी अण्णांना मशीननंच घेऊन येऊ का? एवढा माळ केलात सगळ्यांनी मिळून. निदान एकदा तरी उतरू त्यावर.

आसाराम : नको पोरी. यष्टीनं या. एक डाव उतरताना बघितलं, तं बाया भर पावसात वर बघत बसतीन.