हाडांच्या गोळ्या

नातीचं लग्न झालं त्या वर्षी, लग्नानंतर, दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासू आणि सून बसल्या होत्या.

“आई, माझ्या पाळी थांबवायच्या गोळ्या काढून डबीत तुम्ही तुमच्या हाडांच्या गोळ्या भरल्यात, हे डॉक्टरांना सांगा.”

“चार महिने पाळी आली नाही तुला. कूस आटेल अशी भीती वाटली गं.”

“पाळी थांबते म्हणूनच पोट दुखायचं थांबतं, आई.”

“तरी हाडं मजबूत झाली असतील.”

“झाली ना. त्याच हाडांनी परवा न्हाणीत पोट धरून लोळत होते.”

“डॉक्टर ओरडतील मला.”

“ओरडू देत. मी हात धरते तुमचा.”

“चल, सांगते.”

माझी थोरली बहीण दर महिन्याला अशीच लोळायची आणि आम्ही तिला नाटकी म्हणायचो. नातीच्या लग्नाआधी दोन महिने ती वारली होती.