सेक्रेटरीचा उजवा खांदा

…आणि वर मलाच विचारतात, "उशी बदलून पाहिलीत का?" अहो, उशी? तीन उशा बदलल्या, गादी उलटी केली, पलंग फिरवला, आता फक्त बायको बदलायची राहिलीय असं म्हणालो, तर ती आतून म्हणते, "कधी निघू?" तुम्हाला सांगतो, अडकली एक माझी शीर, आणि तोंडं सुटली अख्ख्या बिल्डिंगची!

झालं कशानं ते आधी ऐका. मी आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. नऊ वर्षं! हौस म्हणून नाही हो, दुसरं कुणी होईना म्हणून. आता सेक्रेटरी म्हणजे काय? फोन! लिफ्ट बंद पडली, फोन. पाणी आलं नाही, फोन. पाणी आलं पण गढूळ आलं, फोन. वरचे लोक खुर्च्या ओढतात, फोन! आणि मला खोड तक्रार वहीत लिहून घ्यायची, तारीख-वेळ घालून. एका हातात वही, दुसऱ्यात पेन, मग फोन कुठे? उजवा कान आणि उजवा खांदा यांच्या मधे! नऊ वर्षं मान वाकडी करून लोकांचं ऐकलं, आणि गेल्या सोमवारी सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालायला गेलो तो… आई गं! मानेपासून करंगळीपर्यंत अशी कळ गेली की शर्ट अर्धा अंगात, अर्धा लोंबकळतोय, आणि मी तसाच डॉक्टरांकडे.

डॉक्टर म्हणाले, "शीर दबलीय. फोन मानेत धरणं बंद." हिनं एवढंच ऐकलं. घरी येऊन ती वही कपाटात टाकली, कुलूप लावलं, म्हणाली, "रविवारी मीटिंग आहे ना? ते पद सोडून यायचं. सेक्रेटरी होऊन परत आलात तर मी दार उघडणार नाही." मी तर एका पायावर तयार!

पण रविवारपर्यंत जगायचं होतं ना! तळमजल्यावरचा गॅरेजवाला आला, हात पुसत. "शीर म्हणजे काय साहेब, क्लचची वायर. जाम झाली की ओढायची!" आणि ओढला की हो त्यानं हात! डोळ्यांपुढे तारे चमकले. तो जातोय तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. "बर्फ! फक्त बर्फ!" त्या जिना उतरल्या की समोरच्या मावशी. "बर्फ? त्या बाईचं डोकं फिरलंय! गरम मिठाची पुरचुंडी!" सकाळी बर्फ, दुपारी मीठ, माझ्या खांद्याला कळेना उन्हाळा चाललाय की हिवाळा! आणि जाताना प्रत्येक जण उंबऱ्यात थांबणार, आवाज खाली आणणार… "आलोच आहे तर विचारतो, आमच्या गळक्या नळाचं काय झालं?" अडकली शीर माझी, तोंडं सुटली यांची!

शेवटी शनिवारी मी वैतागून डोक्याला हात लावून बसलो. आणि काय सांगू… कळ थांबली! खरंच थांबली! हात खाली, कळ सुरू. हात डोक्यावर, कळ बंद. एवढ्या जणांचे एवढे उपाय, आणि गुण आला कशानं, तर डोक्याला हात लावल्यानं! ही म्हणाली, "मग आता काढायचा नाही हं. मीटिंगलाही तस्सेच बसा." बसलो.

खाली पार्किंगमधे खुर्च्या मांडलेल्या, मी पहिल्या रांगेत, ही मागे. माझा राजीनामा वाचला, मंजूर झाला, टाळ्या! नऊ वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं हो, डोळे भरून आले. आणि अध्यक्ष, रिटायर्ड ड्रिलमास्तर, चष्मा घरी विसरून आलेले, गरजले, "नवीन सेक्रेटरी व्हायला कोण तयार? हात वर!"

जो तो जमिनीकडे बघतोय. गॅरेजवाला तर खाली वाकून बंद नसलेल्या चपलेचे बंद बांधतोय! मागून ही म्हणे खुणा करत होती, हात खाली घ्या, हात खाली घ्या… मान वळत असती तर दिसल्या असत्या ना खुणा!

"वा! एक हात आला!"

"अहो, हा वर नाही, डोक्यावर आहे!" मी ओरडलो आणि हात खाली घेतला, तर अशी कळ आली की झटक्यात पुन्हा वर! अध्यक्ष म्हणतात, "उत्साह बघा, दोनदा वर केला!" आणि मागे एकच गलका. "गेला ना वर? मी ओढला म्हणून!" "बर्फानं गेला!" "बर्फानं? मिठानं!" तिघं भांडतायत, कुणाच्या उपायानं हात वर गेला यावर. आणि त्या भांडणात ठराव पास. बिनविरोध!

वर आलो. दार बंद. बोलते ते करते हो ती. बसलो जिन्यात, डोक्याला हात लावून. तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो, सेक्रेटरीच ना?" आवाज हिचाच! "एक तक्रार लिहून घ्या. आमच्या दारात केव्हाचा एक माणूस बसलाय, उठतच नाही."

लिहून घेतली हो. खिशातल्या चिठोऱ्यावर, डाव्या हातानं, तारीख-वेळ घालून… आणि फोन? डाव्या खांद्यावर.