सासूबाईंना कुणी काढलं?

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे आदरणीय संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या, आज निरोप घेणाऱ्या आमच्या ताईंच्या मातोश्री, आणि चहा गार व्हायच्या आत भाषण आटपावं म्हणून घड्याळाकडे बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

निरोपाचं भाषण गोड असावं असा संकेत आहे. मीही तसंच लिहून आणलं होतं. पण मघाशी ताईंच्या आईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हिनं खरंच हलगर्जीपणा केला का गं?" तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. ते गोड भाषण पर्समध्येच राहू दे.

आई, तुम्हाला सरळ सांगते. रुग्णालयात खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या फोनवर निरोप जातो. आजच्यासारखा निरोप नव्हे, 'लवकर या' असा. तो प्रोग्रॅम आम्ही करतो. कुठल्या वॉर्डाचा निरोप कुठल्या फोनवर, हे सेटिंगच्या फाइलमध्ये भरावं लागतं. तुमच्या मुलीनं एक तपासणी लिहिली होती. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी ती सगळी सेटिंग्ज वाचायची, आणि एखादा नंबर रिकामा किंवा चुकीचा दिसला की उंबरठ्यावरच अडवायची. काय चुकलंय ते तोंडावर सांगायची, आणि दुरुस्त केल्याशिवाय आत सोडायची नाही. आम्ही तिला 'सासूबाई' म्हणायचो. बोटंही मोडायचो, खोटं कशाला बोलू? पण सासूबाई हो म्हणाल्या की निर्धास्त घरी जायचो.

मग पाहुण्यांसमोर डेमो ठरला आणि सासूबाई अडून बसल्या. साहेब, तुम्ही लालबुंद झालात. "ग्राहकासमोर नाही म्हणणारा प्रोग्रॅम मला नको. रिकामं असेल तिथं काहीतरी गृहीत धरा आणि पुढे चला!" ताई म्हणाल्या, "साहेब, नाही म्हणणं हेच तिचं काम आहे. फोन नंबर गृहीत कसा धरणार?" मी शेजारीच उभी होते. तुम्ही म्हणालात, "ते माझ्यावर सोडा." सोडलं हो, तुमच्यावरच सोडलं! सासूबाईंना घराबाहेर काढलं, आणि जिथं जागा रिकामी असेल तिथं आपोआप आमच्या टेस्टिंगच्या फोनचा नंबर बसेल असं करून ठेवलं.

पुढे नवा वॉर्ड उघडला. त्याचा नंबर भरायचा राहून गेला. प्रोग्रॅम मात्र हसतमुखानं सुरू झाला, मग कुणाला शंका येणार? तिथल्या एका निवृत्त गायनशिक्षकांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. निरोप येत होते आमच्या ड्रॉवरमधल्या, आवाज बंद करून ठेवलेल्या फोनवर. शेवटी ते स्वतःच उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला, पण तो आपल्या पुण्याईनं नव्हे.

आणि चौकशी अहवालात कारण काय? 'सेटिंग विभागप्रमुखांचा निष्काळजीपणा.' म्हणजे ताई! चोर सोडून संन्याशाला फाशी. हा अहवाल उद्या रुग्णालयाला जाणार. त्यानंतर या बाईला दुसऱ्या कंपनीत दारात तरी कोण उभं करेल? वर निमंत्रणात छापलंय, 'स्वेच्छेने सेवामुक्त'. स्वेच्छा कुणाची, साहेब?

ताई, खुणा करू नका, मी बसणार नाही. रिकामं दिसलं की अडवायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? त्या अहवालात एक जागा रिकामी आहे. तपासणी कुणाच्या हुकमानं काढली, ते लिहिलेलंच नाही. टेस्टिंगप्रमुख म्हणून त्यावर माझी सही लागते. ती जागा भरेपर्यंत सही मिळणार नाही. आजपासून सासूबाई मी.

सभागृह सजवणाऱ्यांचे, फुलं आणणाऱ्यांचे, आणि मला मधेच न थांबवल्याबद्दल अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. चूकभूल द्यावी-घ्यावी, असं आपण म्हणतो. या ऑफिसात चूक नुसतीच दिली जाते. साहेब, आज एकदा घ्या.