उलटा घातलेला कोट

एस्टोनियातल्या सारेमा बेटावरच्या आमच्या बसथांब्यावर, रांगेत माझ्यामागे एक मावशी आणि तिची तेरा वर्षांची भाची उभ्या होत्या. मार्टीचा सण होता. सोंगं घेऊन घरोघर हिंडायचा दिवस.

“तूली, हा सण मुलग्यांचा गं! मुलींनी काद्रीच्या सणाला जायचं, पांढरे कपडे घालून.”

“पांढरं नको. आत्ता तर मुळीच नको. कळलं ना?”

“अगं! कधीपासून?”

“मंगळवारपासून.”

“आणि मला आज सांगतेस! पण आजोबांचा कोट उलटा का घातलायस? आतली सगळी लोकर बाहेर आलीय.”

“मी लांडगीण आहे.”

“कोण म्हणालं?”

“वर्गातल्या मुली. पोहायच्या तासाला माझे पाय बघून. म्हणाल्या, पौर्णिमेला हिला बांधून ठेवा.”

“रडलीस?”

“आधी रडले. मग अशी गुरगुरले, की दोघी घाबरून पाण्यात पडल्या.”

“अगं बाई! आई काय म्हणाली?”

“काही नाही. गुपचूप बाबांचा वस्तरा हातात दिला.”

“मग?”

“त्याच वस्तऱ्यानं मी बाबांची केसाळ टोपी कापली. ही बघ शेपटी.”

“...वाकडी लागलीय. थांब, पिन आहे माझ्याकडे.”

“तू रागावली नाहीस?”

“मलाही शाळेत मुली म्हणायच्या तसं. मी जाड मोजे घालायला लागले. अजून घालते, भर उन्हाळ्यातसुद्धा.”

“आणि गुरगुरलीस कधी?”

“मला कुठे येतंय ते!”

“सोप्पंय मावशी. घशातून नाही, पोटातून काढायचं.”

माझ्या पुढचा माणूस दचकून मागे वळला. गुरगुरण्याचा तो आवाज तूलीचा नव्हता.