वेगळं निघालं तरी विरजण

(कळस, ता. इंदापूर इथल्या विमलकाकींनी सांगितलं, तसं लिहून घेतलेलं.)

माझं माहेर माळेगाव बुद्रुक. वडील साखर कारखान्यात व्हते, त्यामुळं आमचं समदं भोंग्यावर चालायचं, भोंगा झाला की चहा, भोंगा झाला की शाळा, भोंगा झाला की आई म्हनायची उठा गं. लगीन होऊन कळसला आले तवा सुरवातीला मला सकाळची जागच येईना, कारन हितं भोंगाच न्हाय. सासू म्हनली, पोरगी आळशी दिसतीय. मी म्हनलं, आत्याबाई आळशी न्हाय, भोंग्याची सवय हाय. तवापासनं त्या रोज चुलीपाशी बसून तोंडानं भोंगा वाजवायच्या, भोंऽऽ करून, आन् समदं घर हसत उठायचं. अशी सासू व्हती माझी, काय सांगू तुमाला.

त्यांचा एक नेम व्हता. दारात कुनीबी वाडगं घिऊन विरजनाला आलं की न्हाय म्हनायचं न्हाय. भांडन असू द्या, अबोला असू द्या, कोर्टात केस असू द्या, विरजन द्यायचं. त्याचं कारन असं, की त्या स्वतः तरुनपनी जावंपासनं वेगळ्या निघाल्या व्हत्या. वेगळं निघताना समदं वाटून घेतलं, तवे वाटले, पाटा वरवंटा वाटला, गाय आत्याबाईंच्या वाटनीला आली, पर विरजन कोन ध्येनात ठेवतंय? नव्या घरात पैल्या सांजंला दूध तापवलं आन् बसल्या त्याच्याकडं बघत. मागायला जायची लाज, भांडून आलेल्या ना. तर थोरली जाऊच पदराखाली वाडगं झाकून आली, म्हनली भांडन तुझं माझं हाय, दुधानं काय केलंय? त्या वाडग्यातलं दही अजून आमच्या घरात चालू हाय, ताई. रोज थोडं राखायचं आन् त्यातनंच उद्याचं लावायचं. मी आले तवा तेच व्हतं, आताबी तेच हाय.

माझ्या पाठनं धाकट्या दिराचं लगीन झालं आन् मंदा आली. जाऊ कशाची, धाकटी भनच. तिला पल्लवी झाली आन् बाळंतपनात मंदा लई आजारी पडली, त्यामुळं पल्लवी माझ्याच कुशीत वाढली. मला एक ल्योक हाय, लेक न्हाय. पल्लवी मला मोठी आई म्हनती. दहीभात माझ्या हातचा, वेनी माझ्या हातची, आन् मार तेवढा मंदाच्या हातचा, म्हंजी आमची वाटनी तवाच झालेली. हसताय काय, खरं हाय.

मंग द्राक्षं आली. दोघा भावांनी मिळून मांडव उभा केला, औषधाच्या फवारन्या, छाटनी, समदं मिळून, आन् माल परदेशी जायला लागला. रॉटरडॅम म्हनून बंदर हाय तिकडं, मला नाव पाठ हाय कारन आमच्या मालकांच्या तोंडात देवाचं नाव कमी आन् रॉटरडॅम जास्त. तितं माल उतरायचा आन् त्यातला थोडा पुढं इंग्लंडला. पल्लवी बारामतीत शेतीचं शिकली, पुढचं शिकायला इंग्लंडला गेली, आन् तितंच एका फळांच्या कंपनीत लागली, आलेल्या मालाचे कागद बघायचं काम. मी म्हनलं, बरं झालं बाई, आमची द्राक्षं परक्या मुलखात उतरली तर घ्यायला घरचं मानूस उभं हाय.

तर एक दिवशी व्हिडिओवर म्हनली, मोठी आई, हितं लई गोंधळ चाललाय, इंग्लंड युरोपातनं बाहेर पडनार हाय. मी म्हनलं बाहेर पडनार म्हंजी, देश काय उचलून नेनार हायेत का कुठं? मंग तिनं समजावलं. ह्या समद्या देशांनी मिळून एक बाजार केलाय, आपापसात माल न्यायला जकात न्हाय, नाका न्हाय, नियम सगळ्यांना एकच. आता इंग्लंडात मतदान झालं आन् निम्म्याहून जरा जास्त लोक म्हनले, नको, आमचं आमी बघू. तवा कुनाकडं काय जायचं, माल कसा जायचा, मानसं कशी जायची, त्ये बसून ठरवायचंय. मी म्हनलं आगं मंग वाटनी म्हन की सरळ. एका चुलीवर जेवत व्हते, आता वेगळं निघायलेत. ती हसली, म्हनली व्हय, वाटनीच म्हन.

हसलो आमी दोघी. मला काय ठावं, की त्यांची वाटनी मिटायच्या आत आमच्या घरातबी तेच निघनार हाय.

भावजी म्हनले, मला द्राक्षं नकोत, मी माझ्या हिश्श्यात डाळिंब लावतो. मालक म्हनले, हिस्सा कसला, रान एक हाय. आता कुनाचं चुकलं म्हनू? भावजींला वाटायचं, आपुन जलमभर थोरल्याच्या मागं मागं, कवातरी आपलं डोकं चालवावं. आन् मालकांला वाटायचं, मी ह्याला पोटच्या पोरावानी वाढवला आन् आता माझ्या मांडवाखाली ह्याला गुदमरतंय व्हय. दोघंबी खरेच. मी मनात म्हनलं, देवा, दोन चुली झाल्या तर मी रडनार न्हाय, पर बोलनं बंद व्हायला नको, आन् पल्लवी माझ्या घरी यायची बंद व्हायला नको. मला तेवढंच पायजे व्हतं, दुसरं काय न्हाय.

वालचंदनगरला मालकांचे मामा ऱ्हात्यात, तात्या म्हनतो आमी, त्ये मधी बसले. रान एका दुपारी वाटून झालं बघा. ट्रॅक्टर भावजींला, पाईपलाईन आमाला, वाद न्हाय. आडलं कुठं, तर तांब्याच्या बंबावर! सासऱ्यांच्या येळचा अंघोळीच्या पान्याचा बंब, नळी गळती, बुडाला डाग दिलेला, आन् दोघं भाऊ म्हनत्यात मला पायजे. एकरानी जमीन सोडली आन् बंब सोडीनात. त्याहून मोठं आडलं त्ये विहिरीवर. विहीर गेली भावजींकडं, पानी दोघांचं, आन् आमच्या घरनं विहिरीला जायची पायवाट त्यांच्या रानातनं. भावजींनी नवं घर बांधलं त्येबी विहिरीपाशीच, म्हंजी दोन घरांच्या मधी ती एकच पायवाट.

बैठक ठरायची, तात्या एसटीनं यायचे, मी पोहे करायची, मंदा चहा करायची, आन् पोहे संपले की बैठक मोडायची. पुढची तारीख. पल्लवी तिकडनं सांगायची, मोठी आई, आमचीबी पुना तारीख वाढली. मी विचारायची, तुमच्याकडं मधी तात्या कोन हाय गं? ती म्हनायची, तात्याच न्हाय ना, तीच तर अडचन हाय.

आन् एका बैठकीत शब्दाला शब्द लागला. मालक बोलून गेले, तुझ्या विहिरीवर पाय ठेवनार न्हाय, बोअर मारीन. भावजी म्हनले, मंग पायवाटंचं काय काम, तार मारतो. आन् चप्पल घालता घालता म्हनले, आमची पल्लवी आली तर ह्या घराची पायरी चढनार न्हाय. मंदा दाराआड उभी व्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आन् दोघी दोन दिशेला गेलो. ताई, समदं रान गेलं असतं तरी मी एवढी रडले नसते.

भावजींनी खरंच लोखंडी अँगल पुरले आन् तार ओढली. पायवाट बंद. आता आमच्या घरनं त्यांच्या घरी जायचं तर डांबरी रस्त्यानं, शाळंला वळसा घालून, लांबनं.

पल्लवीला हे कुनीच सांगितलं नव्हतं. तिचा फोन आला तर आपल्याच नादात बोलाय लागली, मोठी आई, आमचं समदं आता एका कुंपनावर आडलंय. आयर्लंड म्हनून बेट हाय, त्याचा एक तुकडा इंग्लंडकडं हाय आन् बाकीचा युरोपातच ऱ्हानार. लोक रोज हिकडनं तिकडं कामाला जात्यात, शाळंला जात्यात. पूर्वी तितं लई रक्त सांडलंय, आता कुठं शांत झालंय, त्यामुळं मधी कुंपन कुनालाच नको, पर वेगळं तर निघायचंय, मंग करायचं कसं? मी पदरानं डोळे पुसले. ती म्हनली काय झालं? मी म्हनलं काय न्हाय, कांदा चिरतीय. म्हनली, मोठी आई, मला दिसतंय, तू बाजंवर बसलीयास. मंग सांगितलं समदं. तिनं समदं ऐकून घेतलं. आन् म्हनली, मंग मी आले तर तुझ्याकडं कुठनं येऊ?

मी फोन ठिवून दिला.

त्यानंतरची गोष्ट. ऐन उन्हाची येळ, मालक ओट्यावर पडलेले, मी आत. बघते तर मंदा दारात. डोक्यावर पदर, पाय धुळीनं भरलेले, शाळंला वळसा घालून आलेली. आन् पदराखाली वाडगं. म्हनली, वहिनी, मांजरानं दह्याचं भांडं पाडलं, थेंब राहिला न्हाय. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मांजरानं पाडलं का तिनंच पाडलं, मी इचारलं न्हाय, आन् अजूनबी इचारलेलं न्हाय. वाडगं घेतलं, घट्ट सायीचं दही काठोकाठ भरलं. म्हनलं, पानी पिऊन जा. ती म्हनली, बसत न्हाय वहिनी, पर डोळे भरून आलेले तिचे. मी तिला पाय धुवायला तांब्या दिला आन् ती पुना उन्हात रस्त्यानं गेली, वाडगं पदरानं झाकून, सांडू नये म्हनून हळू हळू.

मालक समदं बघत व्हते. म्हनले, कशाला आलती? मी म्हनलं, विरजनाला. म्हनले, रस्त्यानं आली? मी म्हनलं, मंग काय उडून येनार? त्या दिवशी मालक नीट जेवले न्हाईत, ताटात दही तसंच.

तिकडं भावजींच्या घरी काय झालं त्ये मला मंदानं नंतर सांगितलं. वेगळं निघताना तिनंबी विरजन नेलं नव्हतं, तवर विकतच्या दह्याचंच लावायची. दुसऱ्या दिवशी हे दही लागलं, तिनं वाढलं, भावजींनी एक घास खाल्ला आन् थांबले. म्हनले, हे आईचं हाय. मंदा म्हनली, व्हय. म्हनले, कुनी आनलं? म्हनली, मी, उन्हातनं, तुमच्या तारंला वळसा घालून. उठले, पक्कड घेतली आन् चालते झाले.

मी इकडनं बघतीय, भावजी पायवाटंवर उभे राहून तार तोडायलेत. मालकांनीबी बघितलं आन् पायात काय न घालता निघाले. मी म्हनलं आता भांडनार. तर मालक गेले, आन् न बोलता तारंचं टोक हातात धरलं, कारन ताणलेली तार तुटली की उडून डोळ्यात जाती ना. थोरल्यानं धरायची, धाकट्यानं तोडायची, एक झाली की दुसरी. शेवटची तोडून झाल्यावर मालक म्हनले, अँगल ऱ्हाऊ दे, हद्द कळंल. भावजी म्हनले, ऱ्हाऊ दे. एवढंच बोलनं झालं बघा, आन् मी आत येऊन आत्याबाईंच्या फोटूपुढं उभी राहिले आन् हमसून हमसून रडले.

मंग तात्यांला निरोप धाडला, की या, आता ठरतंय. पान्याची पाळी ठरली, बोअरचं नाव मालकांनी पुना काढलं न्हाय. बंब मंदाकडं गेला, आन् दिवाळीच्या पैल्या अंघोळीला आमी समदी टावेल घिऊन तिच्याच मोरीत, रांग लावून. मालक सगळ्यात पुढं.

इंग्लंडवाल्यांचंबी ठरलं मंग, नाताळाच्या तोंडावर. पल्लवी म्हनली शेवटपातूर मासळीवरनं आडलं व्हतं, समुद्रातली मासळी कुनी किती धरायची. मी म्हनलं, म्हंजी त्यांचा बंब त्यो. आता कागद लई वाढलेत म्हनती, पूर्वी रॉटरडॅमहून माल सरळ इंग्लंडात यायचा, आता डबल तपासनी, हिचं काम वाढलं, घरी यायला रजा मिळंना, त्यात महामारी आधीपासनंच चालू. वेगळं निघाल्यावर थोडा तरास हुनारच, आमालाबी झाला. आमच्यात आता दोन घरांला दोन गॅस, दोन टीव्ही, दोन कटकटी. झालं ते झालं.

आन् मंग एकदाची आली पल्लवी. गाडी बापाच्या दारात थांबली, तसंच पायजे, त्ये तिचं घर हाय. मी इकडं उंबऱ्यात उभी, म्हनलं घटकाभर बसंल, आईबापाशी बोलंल, मंग येईल. तर बॅगा तितंच टाकल्या आन् दोन अँगलच्या मधनं पळत आली, एवढी मोठी साहेबीन, लहान पोरीवानी, आन् म्हनती, मोठी आई, दहीभात. माझ्या हातानं भरवला मी तिला. मंदा मागनं आली, म्हनली वहिनी, मलाबी ठेवा की. तिलाबी भरवला.

आता माझं काय ऱ्हायलंय सांगा. त्या इंग्लंडवाल्यांचं भलं होवो, त्या युरोपवाल्यांचं भलं होवो, आपापल्या घरी सुखानं खावा बाबांनो, पर शेजारचं वाडगं दारात आलं तर माघारी लावू नका. दुसरं काय सांगनार मी, मला काय कळतंय त्यातलं. बरं, लिहून झालं का तुमचं? तुमी पुण्याला जानार म्हंजी सांज हुईल. डबा हाय का बरोबर? न्हाय? मंग थांबा, माझ्यातला देते, विरजन घालून. झाकन घट्ट लावते, मांडीवर धरून न्या, हलवू नका. रातच्याला कोमट दुधात लावा, आन् रोज थोडं राखत जा.